बसलेल्या बाईचा डॉलर

नाणी पुरुषांनी जमवायची आणि दागिने बायकांनी, असा कायदा कुठल्या देशात आहे ते मला अजून कळलेलं नाही. पुण्यात नव्हता, न्यूझीलंडमध्ये तर नाहीच. पण लोक असे वागतात, जणू घटनेतच लिहून ठेवलंय. मी हॅमिल्टनला राहते, 'ते रापा' नावाच्या उपनगरात दूध पावडरीच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करते, आणि एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन चांदीचे डॉलर जमवते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी सांगितल्या की लोक "अरे वा" म्हणतात. तिसरी सांगितली की नवऱ्याकडे बघतात.

"अमेरिकनच का?" हे पुढचं ठरलेलं. शिवराई जमव, निदान आपली तरी आहे, असं सुचवणारेही भेटतात. माझं उत्तर एकच, मला आवडतात म्हणून. फारच खोदून विचारलं तर सांगते की इंग्रजांच्या रुपयावर राणी होती, इथल्या पैशांवर राणी होती, ती गेली तर राजा आला. माझ्या डॉलरवरची बाई कुणाची राणी नाही आणि कुणाची बायकोही नाही. एकटी बसलीय, एका हातात काठी, काठीवर टोपी, दुसरा हात शेजारच्या ढालीवर. त्या ढालीवर आडव्या पट्टीत 'स्वातंत्र्य' असा इंग्रजी शब्द कोरलेला असतो. नाणं हाताळून झिजलं की सगळ्यात आधी तो शब्द पुसट होतो, आणि तो किती वाचता येतो त्यावरून जमवणारे नाण्याची प्रत ठरवतात.

हॅमिल्टनच्या नाणेवाल्यांच्या क्लबात मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेले सगळे म्हातारे होते. एकाने मोठ्या आदबीने खुर्ची दिली, चहा दिला आणि हळू आवाजात विचारलं, नवऱ्याचा संग्रह विकायला आलात का? म्हणजे मी विधवा, असं त्यांनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं. म्हटलं, नवरा ठणठणीत आहे, बाहेर गाडीत बसून क्रिकेट ऐकतोय आणि त्याला नाण्यातलं ओ की ठो कळत नाही. विकत नाहीये मी, जमवतेय. त्या दिवसापासून माझी खुर्ची ठरलेली आहे, आणि तिथे दुसरं कुणी बसलं तर मी उठवते.

आपली माणसं त्यांच्याहून वेगळी आहेत असं समजू नका. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत एकदा कुणीतरी माझ्या देखत हिशेब मांडला, एवढ्या चांदीच्या ऐवजी बांगड्या केल्या असत्या तर अंगावर तरी दिसल्या असत्या. म्हटलं, अंगावर दाखवायला मी काही ख्रिसमस ट्री नाही. वाईट वाटलं त्यांना. वाटू दे.

या सगळ्यात एक डॉलर माझा जीव की प्राण होता. बसलेल्या बाईचाच, पण नेवाड्यातल्या कार्सन सिटीच्या टांकसाळीत पाडलेला. मागच्या बाजूला गरुड आणि त्याच्या खाली दोन बारीक 'सी'. त्या टांकसाळीने हे डॉलर मोजकेच पाडले, त्यातले बरेच वितळवले गेले, आणि उरले ते ज्यांच्याकडे आहेत ते मेल्याशिवाय सोडत नाहीत. मी कित्येक वर्षं वाट पाहिली. शेवटी क्लबातल्या एका आजोबांनी, त्यांच्या मुलांना यात रस नव्हता म्हणून, माझ्याकडची चार चांगली नाणी घेऊन त्यांच्या बदल्यात तो मला दिला. देताना म्हणाले, हिला कडेनेच धर, तोंडाला बोट लावू नकोस, आणि काहीही झालं तरी घासू नकोस. आजतागायत मी तिच्या तोंडाला बोट लावलेलं नाही.

आणि हे सांगायलाच हवं. आमच्या घरात सगळं 'आपलं' आहे. गाडी आपली, घर आपलं, कर्ज तर फारच आपलं. मी नवऱ्याच्या व्हिसावर या देशात आले, दोन वर्षं घरी बसले, मग कारखान्यात चिकटले. तेव्हापासून 'माझं' म्हणून बोट ठेवता येईल असं त्या लाकडी पेटीत जे होतं तेवढंच. नवरा वाईट नाही. चांगलाच आहे. पण चांगल्या नवऱ्यांनाही 'आपलं' या शब्दाची फार सवय असते.

गेल्या वर्षी आम्ही हॅमिल्टनच्या उत्तरेला नवीन घर घेतलं आणि वास्तुशांत केली. गुरुजी ऑकलंडहून आले. हे गुरुजी सोमवार ते शुक्रवार तिथल्या पेनरोज भागात एका मालाच्या डेपोत काम करतात, कुठला ट्रक कुठे जायचा ते कॉम्प्युटरवर लावतात, आणि शनिवार-रविवार पूजा सांगतात. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, उच्चार स्वच्छ, माणूस सज्जन. पूजा छान झाली. घर माणसांनी भरलेलं, मी अर्धा वेळ चौरंगापाशी आणि अर्धा वेळ मसालेभाताच्या पातेल्यापाशी. संध्याकाळी गुरुजी तांदूळ, सुपाऱ्या, नारळ, दक्षिणा सगळं रीतीप्रमाणे पिशवीत भरून परत गेले.

दुसऱ्या दिवशी पूजेची चांदीची भांडी जागेवर ठेवायला कपाट उघडलं, तर माझी पेटी तिरकी बसलेली. आत कार्सन सिटीची प्लास्टिकची डबी उघडी आणि रिकामी.

नवरा टीव्हीसमोर होता. मी डबी त्याच्यापुढे धरली.

"अगं हां, सांगायचं राहिलंच," तो म्हणाला. "कलशावरच्या तांदळात ठेवायला गुरुजींनी चांदीचं नाणं मागितलं. लक्ष्मीचं असेल तर उत्तम म्हणाले. तू आत होतीस. मी म्हटलं, बसलेली बाई आहे, चालेल का? ते म्हणाले, चालेल."

"लक्ष्मी आहे का ती?"

"बसलेली आहे ना? हातात काहीतरी आहेच की."

"काठी आहे तिच्या हातात. आणि टोपी. लक्ष्मीच्या हातात टोपी पाहिली होतीस कधी?"

"अगं, हळदकुंकू वाहिल्यावर काय दिसतं त्यातलं."

हळदकुंकू. मी खाली बसले. ज्या चेहऱ्यावर मी कधी श्वाससुद्धा जोरात सोडला नव्हता, त्यावर ओल्या बोटाने कुंकू फासलं होतं, वर फुलं ठेवली होती, आणि मी शेजारी पाटावर बसून भक्तिभावाने नमस्कार करत होते. आणि आता ती तांदळासकट पिशवीत गेली होती. मला रडूही आलं आणि असा संताप आला की हातातली डबी फेकून मारावीशी वाटली. मारली नाही. डबीही महाग असते.

"आण परत," मी म्हणाले.

"पूजेत दिलेलं कसं मागायचं परत? मी कुठल्या तोंडाने मागू?"

"ज्या तोंडाने दिलंस त्याच."

"आपल्याकडे एवढी आहेत. दुसरं घेऊ ना तसलंच."

"तसलंच मिळत नाही. मिळत असतं तर मी केस पांढरे होईपर्यंत थांबले असते का? आणि आपल्याकडे नाहीत ती. माझ्याकडे आहेत."

आमची मुलगी जिन्यावर बसून सगळं ऐकत होती. ती मराठी समजते सगळं, बोलते इंग्रजी. "डॅड, दॅट्स लिटरली स्टीलिंग," ती म्हणाली. नवरा तिच्यावर ओरडला.

मी स्वतःच गुरुजींना फोन लावला. त्यांना आधी वाटलं मी दक्षिणा कमी पडली का ते विचारतेय. मग समजलं तेव्हा बिचारे चपापले. म्हणाले, ताई, ते पूजेतलं आहे, आता माघारी कसं देणार? आणि पुढे म्हणाले की नाणं चांगलं जाड आहे, येत्या शनिवारी ऑकलंडला एकांची वास्तुशांत आहे, तिथे वास्तुपुरुषाच्या प्रतिमेबरोबर पुरायला थोडी चांदी हवी होती, त्यात ते घालायचं ठरवलंय. आग्नेय कोपऱ्यात खड्डा खणून झालाय, वर लगेच काँक्रीट ओतणार आहेत.

काँक्रीट. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

नंतर त्यांनी माझे फोन घेतले नाहीत. मग मंडळातल्या एका ताईंचा मला फोन आला, म्हणजे बातमी पोचली होती. अगं, वास्तूच्या दानाचं परत मागतात का कुणी, घराला लागतं, पोरीबाळीचं घर आहे तुझं, वगैरे. मी म्हटलं, ताई, घराला जे लागायचं ते लागू दे, मी शुक्रवारी रजा टाकलीय. "तुझा स्वभावच आडमुठा," त्या म्हणाल्या. म्हटलं, हो, तेवढाही माझाच आहे.

शुक्रवारी सकाळी मी किल्ली घेतली तर नवरा बूट घालून दारात उभा. "एकटीने जाऊ नकोस," म्हणाला. काळजी माझी नव्हती, गुरुजींची होती. हॅमिल्टन सोडून हायवेला लागल्यावर म्हणाला, "माझी लाज काढू नकोस तिथे."

"तुझी लाज मी कशाला काढू? मला माझं नाणं काढायचंय."

"मी काय चोरी केली का? घरातलंच घेतलं ना? देवासाठीच घेतलं ना?"

"तुझी क्रिकेटची बॅट देवासाठी देऊन टाकली असती मी, तुला न विचारता?"

यावर त्याने रेडिओवर क्रिकेट लावलं. मला खरं तर त्याची दया येत होती, पण मी ती दाखवली नाही. दाखवली की विषय संपतो, हे मला लग्नाच्या अनुभवाने माहीत आहे.

पेनरोजच्या डेपोत रिसेप्शनवरच्या मुलीने हसून माओरी भाषेत "किया ओरा" म्हणून स्वागत केलं आणि गुरुजींना बोलावणं पाठवलं. गुरुजी बाहेर आले ते पिवळ्या झळझळीत जॅकेटमध्ये, पायात जाडजूड बूट. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा पडला. आम्ही बाजूला पार्किंगमध्ये गेलो. ट्रक मागे येताना करतात तो कर्कश आवाज सतत चालू होता, आणि भिंतीलगत बाकावर दोघंतिघं फोर्कलिफ्टवाले खिमा भरलेले पाई खात बसले होते.

"ताई, मला लोभ नाही हो," गुरुजी म्हणाले. "मला ते नाणं कसलं आहे तेही माहीत नाही. पण दिलेलं दान परत घेतलं तर देणाऱ्याला दोष आणि परत करणाऱ्यालाही. मला भीती वाटते. खरंच सांगतो."

खोटं बोलत नव्हते. तोंडावरच दिसत होतं. त्यामुळे मला जोर कमी करावा लागला, ते मला फार जड गेलं.

"मी दिलंच नाही, गुरुजी. मला ठाऊकही नव्हतं."

"दादांनी दिलं. आणि तुम्ही हाताला हात लावला होतात."

ज्यांच्या घरी पूजा होतात त्यांना हे सांगायला नको. यजमान पुरुष. तळहातावर पाणी तो घेणार, संकल्प तो सोडणार, दान तो देणार, आणि बायकोने आपला उजवा हात नुसता त्याच्या हाताला लावायचा. लावला की तिचंही पुण्य, तिचीही संमती. मी लग्नापासून शेकडो वेळा लावला असेल. स्वयंपाकघरातून धावत येऊन, हाताला कणीक असताना कोपराने सुद्धा लावलाय.

"म्हणजे मी ह्याच्या हाताला हात लावला, म्हणून माझ्या कपाटातलं दान झालं?"

"शास्त्र तसंच आहे, ताई. दोघांचं मिळून एक."

"मग दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता दान करता येते, हेही आहे का शास्त्रात?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "ते नाही. दान स्वतःच्याच वस्तूचं." ते थांबले आणि नवऱ्याकडे वळले. "दादा, नाणं तुमचं होतं ना?"

झालं. एवढ्या लांब मी ज्यासाठी आले होते ते हेच. गुरुजींनी नाणं परत दिलं असतं तरी या प्रश्नाचं उत्तर मला हवंच होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या ट्रककडे बघत राहिले.

"घरातलंच होतं," तो म्हणाला.

"घरातलं म्हणजे कुणाचं, दादा? मला नीट सांगा. त्यावर दोष ठरतो."

आमचं 'आपलं' असं कधी कुणी उलटतपासणीला घेतलं नव्हतं. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"तिचं आहे," तो म्हणाला. "मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे असं मला वाटलंच नाही."

काम अजून व्हायचं होतं.

"तर मग," मी गुरुजींना म्हटलं, "दोष नको असेल तर निष्क्रय घ्या. वास्तुशांतीला तुम्ही आमच्याकडून गोप्रदान करवलंत. गाय नेलीत का पेनरोजला? गायीच्या जागी दुसरं द्रव्य घेतलंत. आमच्या अख्ख्या वायकाटो प्रांतात गायींना तोटा नाही, शेजारच्या कुंपणापलीकडे हव्या तेवढ्या उभ्या होत्या, तरी तुम्हाला निष्क्रय चालला. मग एका नाण्याच्या जागी दुसरं नाणं का चालू नये?"

गुरुजी हसले. आवरायचा प्रयत्न केला, पण हसलेच. "ताई, तुम्ही 'ते रापा'च्या कारखान्यात वाया चाललात," म्हणाले.

मी पर्समधून चांदीचं लक्ष्मीचं नाणं काढलं. खरीखुरी लक्ष्मी, कमळात बसलेली, माझ्या लग्नात माझ्या मावशीने मला दिलेली. तेही माझंच होतं म्हणून आणलं होतं. गुरुजींनी ते उलटसुलट पाहिलं, मान डोलावली आणि गाडीची डिकी उघडली. कापडी पिशवीत तांदूळ आणि सुपाऱ्यांमध्ये हात घालून त्यांनी माझी बाई वर काढली. तोंडावर हळदकुंकवाचा थर, ढालीवरचा शब्द पार बुजलेला, केसात तांदळाचा दाणा. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले, नाहीतर हिसकावून घेतली असती.

"चला, घेऊ करून," गुरुजी म्हणाले. बाईला पिशवीवर ठेवलं, जॅकेटची चेन लावली, पूर्वेकडे तोंड केलं, पाण्याची प्लास्टिकची बाटली उघडली. "दादा, हे लक्ष्मीचं नाणं हातात घ्या, हात पुढे करा. ताई, तुम्ही हाताला हात लावा."

इतक्या वर्षांच्या सवयीने नवऱ्याचा हात पुढे आला. माझाही उजवा हात निम्मा उचलला गेला, खोटं कशाला सांगू.

"नाही," मी म्हणाले. "नाणं माझं, देणारी मी. हात माझा पुढे."

"बायकांनी संकल्प एकटीने..." गुरुजी अडखळले.

"एकटीने कुठे? यजमान आहेत ना इथे. ते लावतील हाताला हात."

गुरुजींनी नवऱ्याकडे पाहिलं. बाकावरचे फोर्कलिफ्टवाले पाई खायचे थांबले होते. गुरुजी बाटली धरून उभे राहिले, आणि त्यांनी नकार दिला नाही. मी लक्ष्मी तळहातावर ठेवून हात पुढे केला.

नवऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. मग दोन बोटं माझ्या मनगटाला जेमतेम टेकवली.

"नीट लाव," मी म्हणाले.

त्याने सबंध हात लावला. गुरुजींनी पाणी सोडलं आणि संकल्पात घ्यायला माझं नाव विचारलं.